लिप, स्प्लिटर नि साइड स्कर्ट लावण्याआधी

भाऊ, गाडीचं पहिलंच बॉडी किट असेल (लिप म्हणजे पुढच्या बंपरच्या खालच्या कडेची पट्टी, स्प्लिटर म्हणजे त्याखालून पुढे आलेली सपाट फळी, साइड स्कर्ट म्हणजे दारांखालची लांब पट्टी) तर फायबरचं नको, पीयू (लवचिक पॉलियुरेथेन) किंवा एबीएसचं (चिवट प्लास्टिक) घे. फायबर स्वस्त पडतं, पण स्पीडब्रेकरला घासलं की तडकतं. पीयू वाकून परत जागेवर येतं.

आधी पार्ट मास्किंग टेपने लावून दोन्ही बाजूंच्या फटी मोज, मगच रंगाला दे. रंगवलेला पार्ट कोण परत घेणार?

आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा. दीड मीटरचा एबीएस स्कर्ट ४० अंशांच्या फरकाने ४-५ मिमी वाढतो, त्याच्यामागचा गाडीचा पत्रा मिलिमीटरभरही नाही. सगळे स्क्रू घट्ट आवळलेस तर भुसावळच्या मे महिन्यात मधोमध फुगा येणारच. म्हणून स्कर्टचं मधलं एक भोक गोल ठेव, बाकीची सरकायला जागा राहील अशी लांबट कर आणि रुंद वॉशर लाव. पत्र्याला भोक पाडलंस तर कडेला लगेच गंजरोधक प्रायमर.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल नि पाणी निम्मंनिम्मं करून जागा पूस. पॉलिशचं मेण राहिलं की टेप सुटते. काम सकाळी, सावलीत कर. जोर देऊन दाब, ७२ तास गाडी धुऊ नकोस.

आणि नुसता मोठा स्प्लिटर लावून धुळ्याच्या हायवेवर पळवू नकोस. हवेच्या दाबाने पुढची चाकं दबतात, मागची त्या मानाने हलकी पडतात, वेगात वळताना मागची बाजू सुटते. त्याच्या जोडीला मागे विंग (हवेच्या जोराने मागची बाजू खाली दाबणारा पंख) हवीच.