आधी ओट्याचा दगड

प्रश्न : दांडिया बाजारातल्या जुन्या घरात स्वयंपाकघर नव्यानं करतेय. पांढऱ्या मकराणा संगमरवराचा ओटा, सोनेरी नळ शोभतील? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, शोभतील, पण आपल्याकडे चिंच, आमसूल, लिंबू रोज ओट्यावर सांडतं. आम्लानं संगमरवराची झिलई जाते आणि तो डाग पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. ओट्याला ग्रॅनाइटच घ्या, हवा तर फिकट राखाडी. मकराणा देवघरात लावा, तिथे फार सुंदर दिसेल! ग्रॅनाइटचा तुकडा घेऊनच कपाटांच्या दारांवरचं लॅमिनेट निवडायला जा. दोन्ही घरच्या खिडकीपाशी पाहा, दुकानातल्या दिव्यात रंग फसवतात. नळ, सिंक, हँडल ब्रश फिनिश, म्हणजे चकचकीत नसलेल्या, बारीक रेघांच्या स्टीलचे घ्या, पाण्याचे डाग कमी दिसतात. सोनेरी रंग दिव्यापुरता ठेवा.