समुद्रतळाचा खडक वर कसा आणतात?

प्रश्न : आमच्या शेतात बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेने दगडाचा केवळ चुरा वर आला. मग खोल समुद्राच्या तळातून खडकाचा सलग तुकडा जहाजावर कसा आणतात?
– एक वाचक, कागल (जि. कोल्हापूर)

उत्तर : बोअरच्या गाडीला पाण्यापर्यंत पोहोचायचे असते, म्हणून तिचा हॅमर छिद्राच्या तळाचा सगळाच खडक फोडतो. नमुन्यासाठी वापरायचे बिट मात्र मधोमध पोकळ असते. ते गोलाकार कापत खाली जाते आणि मध्ये उरलेला खडकाचा दंडगोल, ज्याला गाभा म्हणतात, आतल्या नळीत शिरतो. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्रांतूनही असेच गाभे काढले गेले आणि आपल्या काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटी खडक आहे, हे त्यांतून प्रत्यक्ष दिसले.

समुद्रात खडक कापण्यापेक्षा तो वर आणणे अधिक अवघड असते. 2015 साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात छिद्रे घेतली, तेव्हा तळ सुमारे साडेतीन किलोमीटर खाली होता. एवढी पाइपांची माळ दर नमुन्याला उपसायची, तर प्रत्येक खेपेला कित्येक तास जातील. म्हणून पाइप जागेवरच ठेवून त्यांच्या आतून तार सोडतात, भरलेली नळी तेवढी ओढून घेतात आणि रिकामी नळी खाली पाठवतात; अशा एका नळीत सुमारे साडेनऊ मीटर गाभा मावतो. बिट झिजले, तर मात्र सगळे पाइप काढावेच लागतात. तेच छिद्र पुन्हा सापडावे यासाठी समुद्रतळावर त्याच्या तोंडाशी मोठे नरसाळे बसवतात आणि कॅमेऱ्यावर पाहत पाइपाचे टोक त्यात उतरवतात. नांगर न टाकलेले जहाज प्रोपेलरांच्या जोरावर एकाच जागी धरून हे साधणाऱ्या कामगारांच्या कौशल्याबद्दल मला नितांत आदर वाटतो.

दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण यंत्रच केबलने तळावर उतरवतात. जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाचे ‘मेबो’ हे असे यंत्र आहे. लाटांचे हेलकावे त्याच्या बिटापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र ते जहाजाइतके खोल जाऊ शकत नाही.

तरीही तुम्ही म्हणता तसा सलग तुकडा दर वेळी मिळत नाही. भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये कापलेल्या लांबीपैकी बराचसा भाग निसटून जातो. हाती आलेले तुकडे नेमके कोणत्या खोलीचे, हे अशा वेळी ठरवता येत नाही, त्यामुळे ते त्या टप्प्याच्या वरच्या टोकापासून सलग आहेत असे मानून नोंदवण्याचा संकेत आहे.