वाढवलेल्या शंभर किलोंची खरी किंमत

प्रश्न : आमच्याकडे मांसासाठीची वासरं दूध तोडल्यावर २५० किलोची भरतात. लगेच विकावीत की आणखी १०० किलो वाढवून?

उत्तर : वाढणाऱ्या किलोंना आजच्या भावाने गुणू नका. हा हिशेब चुकल्यामुळे राबणाऱ्या माणसांचे कष्ट वाया जातात. हलक्या वासराला किलोमागे सहसा जास्त भाव मिळतो आणि वजन वाढेल तसा तो उतरतो. समजा २५० किलोच्या वासराला किलोमागे १०० मिळतात आणि ३५० किलोच्या जनावराला ८५. आज हातात २५,००० येतील, तेव्हा २९,७५०. म्हणजे वाढवलेल्या १०० किलोंचे फक्त ४,७५०, किलोमागे साडेसत्तेचाळीस.

आता खर्च धरा. रोज किलोभर वाढ झाली तर १०० दिवस लागतील. जनावर रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के खातं, तेही चाऱ्यातलं पाणी वगळून. सरासरी ३०० किलोला दिवसाचे साडेसात, म्हणजे एकूण ७५० किलो. या कोरड्या वैरणीचा किलोचा खर्च साधारण ६.३३ च्या वर गेला, की मजुरी, औषधं, व्याज आणि एखादं दगावलेलं वासरू धरण्याआधीच तोटा. हिरवा चारा मोजताना त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं हे विसरू नका. घरचा चाराही फुकट धरू नका, विकला असता तर जे मिळालं असतं ते वहीत लिहा. एरवी वाळून जाणारं गवत असेल, तर मात्र जरूर थांबा.

प्रश्न : एक गाय यंदा गाभण राहिली नाही. फार शांत आहे. ठेवावी का?

उत्तर : अशी गाय विकताना जीव तुटतो. पण मांसासाठीच्या कळपात गाईचं उत्पन्न एकच, वर्षाला एक वासरू. गाभणपण सुमारे २८३ दिवसांचं, म्हणजे वर्षातले ८२ दिवस उरतात. त्यातला दीडेक महिना व्यायल्यावर सावरण्यात जातो आणि माज साधारण २१ दिवसांनी येतो. संधी जेमतेम दोन. भाकड गाय खाते मात्र वर्षभर, आणि तिचा खर्च इतरांच्या वासरांवर बसतो. शंभर गाईंमागे ७५ वासरं असतील तर प्रत्येक वासरू सव्वा गाईहून जास्त पोसतं.

तरी विकण्याआधी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवा. दाब न देता एकेक बरगडी बोटांना मोजता आली, तर दोष खुराकाचा असू शकतो. एकाच वेळी बऱ्याच गाई गाभण राहिल्या नसतील तर आधी वळू पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. बाकी गाई गाभण आणि ही अंगानं भरलेली असूनही रिकामी असेल, तर विका.

प्रश्न : गोठ्यावर ४०० किलो भरलेलं जनावर बाजारात ३८० भरलं. काट्यात खोट आहे का?

उत्तर : काटा तपासून घ्याच. पण ही घट पाच टक्क्यांची आहे, लांबच्या प्रवासात एवढी होते. गाडी रिकामी झाल्यावर तिचा तळ बघा, शेण आणि मूत्र किती पडलंय ते दिसेल. ही घट खाल्ल्याप्यायल्यावर भरून निघते. प्रवास लांबला की शरीरातलं पाणी आणि मांसही झिजतं, ते यायला दिवस लागतात. म्हणून वजन कुठे, किती वाजता आणि घटीपोटी किती टक्के वजावट, हे सौद्याआधी ठरवा. रात्रभर उपाशी ठेवून तुमच्याच काट्यावर वजन केलं आणि वर टक्केही कापले, तर तुम्ही घट दोनदा सोसताय. वजन वाढवायला मीठ चारून पाणी पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जनावराचे हाल होतात.

प्रश्न : वाढ पुरी होऊन विक्रीला तयार झालेलं जनावर भाव चढेपर्यंत थांबवावं का?

उत्तर : सहसा नको. वाढीतलं जनावर मांस धरतं, तयार झालेलं चरबी धरतं, आणि चरबीच्या किलोला खुराक खूप जास्त लागतो. फार चरबी झाली की भावही कापला जातो. शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे हाताला लागले, की त्याच आठवड्यात खरेदीदाराशी बोला.