माती, ग्लेझ आणि भट्टी: तुमचे प्रश्न

पॉटरी करणाऱ्यांचे मेसेज आले की फिरून फिरून तेच विचारलेलं असतं, म्हणून एकदाच सगळं इथे.

प्रश्न: ओली माती हाताला लागून काही होतं का?
उत्तर: नाही. हाताला चिरा किंवा पुरळ असेल तर ग्लव्ज घाला, खाण्याआधी हात धुवा.

प्रश्न: रोज काम संपलं की रुमाल बांधून स्टुडिओ झाडते. तेवढं पुरतं ना?
उत्तर: अजिबात नाही, आणि आधी तो झाडू बाहेर ठेवा! वाळलेल्या मातीत स्फटिक सिलिका असते. झाडताना जी धूळ दिसते ती खाली बसते हो, पण 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली जी दिसतच नाही ती तासन् तास हवेत राहते आणि थेट फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे व्रण पडत जातात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. ते व्रण भरून काढणारं औषध नाही. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो, टीबीचा धोका वाढतो, आणि 1997 पासून ही धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत आहे. रुमालाने यातलं काहीही अडत नाही. N95 लावा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा (दाढीवाल्यांनो, तुम्हाला तो नीट बसत नाही). फरशी ओल्या फडक्याने पुसा, कच्चं भांडं कोरडं घासू नका, ओल्या स्पंजने घासा. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) हवा. आणि तो एप्रन, मांडीवर पुसलेल्या हातांचे पांढरे पट्टे वाळलेला, झटकू नका, धुवा!

प्रश्न: दुकानदार म्हणतो ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) लेड-फ्री आहे, मग जेवणाच्या भांड्यांना बिनधास्त चालेल?
उत्तर: लेड-फ्री म्हणजे शिसं नाही, बस. बेरियम, कॅडमियम, मँगनीजबद्दल ते लेबल अवाक्षर काढत नाही. दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट (त्यात कोणती घातक द्रव्यं आहेत ते सांगणारा कागद) मागा, टाळाटाळ केली तर समजून जा. भट्टी कमी तापली तर चांगलं ग्लेझही आंबट पदार्थात उतरू शकतं. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग बदलला तर भांडं बाद, पण नाही बदलला म्हणजे पास असं नाही, लॅबमध्ये लीचिंग टेस्ट (ग्लेझमधलं काय किती उतरतं याची तपासणी) करून घ्या.

प्रश्न: बरीच वर्षं शिशाचं ग्लेझ वापरलंय, पण रोज दूध पिते. दुधाने शिसं निघून जातं ना?
उत्तर: नाही जात. कोणी सांगितलं हे? रक्तातलं शिसं तपासा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर याच आठवड्यात, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. ग्लेझ तोवर बंद.

प्रश्न: भट्टी चालू असली की डोकं दुखतं, बाहेर गेलं की थांबतं.
उत्तर: कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नसतो. भट्टी बंद करा, बाहेर पडा, डॉक्टरांना भेटा. धूर बाहेर नेणारी सोय आणि अलार्म बसल्याशिवाय परत पेटवू नका.

प्रश्न: वर्षभर कोरडा खोकला आहे. एक्स-रे नॉर्मल आला, मग काळजी नाही ना?
उत्तर: वर्षभर थांबलातच कशाला? सुरुवातीचा सिलिकोसिस साध्या एक्स-रेत सुटू शकतो. छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि मातीत काम करता हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.