युद्धावरची कादंबरी वाचून मन इतकं का बिघडतं? अर्धवट सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की जर्मन लेखक रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' वाचताय, तिचा नायक, तरुण जर्मन सैनिक पॉल, सुट्टीवर घरी येतो तिथे थांबलात, जेवणात लक्ष नाही, झोप नीट नाही, आणि पुढे वाचू की ठेवून देऊ कळत नाही. वाचा. फक्त रात्री नको.

मी नागपूरच्या मे महिन्यात वाचली, भर दुपारी, कूलरच्या घरघरीत. लढाईच्या पानांवर रडू आलं नाही. तोफा, गॅस, भाकरीवर तुटून पडणारे उंदीर, सगळं अंगावर येतं. पण थोड्या वेळाने मन बधिर होतं. मला फोडलं ते बुटांनी. पॉलचा वर्गमित्र केमरिख इस्पितळात पडलाय, पाय कापलाय, पण तो अजून पायच दुखतो म्हणतोय. आणि म्युलरची, त्यांच्याच वर्गातल्या दुसऱ्या पोराची, नजर त्याच्या मऊ पिवळ्या चामड्याच्या बुटांवर. म्युलरचा असा संताप आला म्हणता! पण दोन पानांनी पटतं की पोरगा निर्दयी नाही. केमरिखला बुटांचा उपयोग असता तर हाच काटेरी तारांवरून अनवाणी पळाला असता. पुढे ते बूट कोणाकोणाच्या पायात जातात ते तुम्हीच वाचा.

सुट्टीचा भाग त्याहून जड, तुम्ही तिथेच अडलात यात नवल नाही. पॉल केमरिखच्या आईला सांगतो की तो तत्काळ गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. साफ खोटं. पॉल तर त्याच्या उशाशी बसून होता. ती माउली ऐकत नाही, म्हणते, खोटं असेल तर तू युद्धावरून परत येणार नाहीस अशी शपथ घे. तो घेतो. ही शपथ लक्षात असू द्या.

आणि त्याची स्वतःची आई! आजारी, अंथरुणाला खिळलेली, तरी निघताना सांगते की सामानात लोकरीच्या दोन चड्ड्या ठेवल्यात. टंचाईच्या त्या दिवसांत त्यासाठी तिने किती वणवण केली असेल, कोणाकोणापुढे हात पसरले असतील, हे पॉलला कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. आमच्याकडे कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. नागपूर स्टेशनवर काळ्या ट्रंकेवर बसलेले फौजी पोट्टे मी लहानपणापासून बघतोय. हे पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा नजर त्यांना सोडायला आलेल्या आयांकडे गेली. एक जण चिवड्याची थैली बॅगेत कोंबत होती आणि पोरगा 'राहू दे ना आई, गाडीत सगळं मिळते' म्हणून वैतागत होता. मी तिथून उठून पाण्याच्या नळाकडे गेलो.

हा त्रास लवकर उतरत नाही, याचं कारण माझ्या मते असं: बाकीच्या युद्धकथा शेवटी राग काढायला एक शत्रू देतात. राग निघाला की मन हलकं होतं. रेमार्क ती सोय ठेवत नाही. पुढे तोफगोळ्याच्या खड्ड्यातला एक प्रसंग येईल. तिथला शत्रू छापखान्यात काम करणारा साधा माणूस निघतो, त्याच्या पाकिटात बायको-मुलीचे फोटो. आता राग कुणावर धरणार? 1929 साली पुस्तक आलं, जर्मनीत ते तुफान खपलं, आणि 1933 च्या मे महिन्यात नाझींनी ते बर्लिनच्या चौकात जाळलं. ज्यांचं राजकारणच द्वेषावर चालतं त्यांना हे पुस्तक चालणार कसं?

लढाईची पानं झेपत नसतील तर भरभर उलटा, बिघडत नाही. घरची पानं मात्र गाळू नका. आणि 'सिनेमा बघून घेतो' असा विचार असेल तर सांगून ठेवतो, 2022 च्या जर्मन सिनेमात हा सुट्टीचा भागच नाही. ना केमरिखची आई, ना लोकरीच्या चड्ड्या.