प्लाझ्मा वापरून डिझेलच्या धुरातला नॉक्स थेट फोडता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की काचेच्या नळीत हाय व्होल्टेजने प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला गॅस) केला आणि त्यातून डिझेल इंजिनचा धूर सोडला तर नॉक्स (नायट्रोजनच्या ऑक्साइडचे प्रदूषक वायू) फुटून साधा नायट्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर येईल का, म्हणजे मग नॉक्स घालवायला वापरतात तो युरिया नको आणि कॅटॅलिस्टही (रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ) नको. मी या विषयावर लॅबमध्ये काम केलंय म्हणून स्पष्टच सांगतो, खऱ्या धुरात असं बहुतेक होत नाही. होतं ते वेगळंच आणि तेही कामाचं आहे.

धुरातला नॉक्स म्हणजे मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, एनओ. डिस्चार्जमध्ये, म्हणजे गॅसमधून वीज जाते तेव्हा, इलेक्ट्रॉन तापतात, गॅस मात्र फारसा तापत नाही, म्हणून याला नॉन-थर्मल प्लाझ्मा म्हणतात. एनओ संपवून नायट्रोजन वायू करायचं काम नायट्रोजनचा सुटा अणू करतो, पण तो मिळवायचा तर आधी नायट्रोजनचा रेणू तोडायला लागतो आणि त्याचा बंध आहे ९.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक), ऑक्सिजनचा फक्त ५.१ चा. या इलेक्ट्रॉन्सची सरासरी ऊर्जाच मोजके काही इलेक्ट्रॉन व्होल्ट, मग ऑक्सिजन समोर असताना आधी फुटणार कोण? ऑक्सिजनच. डिझेलच्या धुरात तो १० टक्के सहज उरलेला असतो, वर पाण्याची वाफ आहे, तिच्यातून ओएच रॅडिकल (झटकन रिॲक्शन करणारे रेणूचे तुकडे) येतात, आणि हे सगळे मिळून एनओचं एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) करतात, थोड्याचं नायट्रिक ॲसिड. म्हणजे नॉक्स गेला नाही, त्याने रूप बदललं.

म्हणूनच कुठे '९० टक्के काढून टाकला' असं वाचलंत तर आधी बघा की नुसता एनओ मोजलाय की एनओ आणि एनओटू मिळून, आणि गॅस खरा धूर होता की सिलिंडरमधलं नायट्रोजन-एनओचं मिश्रण. ऑक्सिजनच नसेल तर रिझल्ट सुंदरच येतो, पण तो इंजिनला लागू होत नाही.

आता उपयोग कुठे. युरियाच्या एससीआर कॅटॅलिस्टला (युरियातून येणाऱ्या अमोनियाने नॉक्सचा नायट्रोजन करणारा) एनओ आणि एनओटू निम्मे-निम्मे मिळाले की रिॲक्शन खूप वेगाने होते, आणि हा फायदा इंजिन गार असताना, म्हणजे धूर २०० अंशांच्या आसपास असताना, जास्त दिसतो, जिथे नुसता कॅटॅलिस्ट सुस्त असतो. म्हणजे प्लाझ्मा पुढे, कॅटॅलिस्ट मागे. धुरात प्रोपीनसारखं हायड्रोकार्बन असेल तर एनओचं एनओटू कमी विजेत होतं. दुसरा रस्ता स्क्रबरचा, म्हणजे धूर पाण्याने धुण्याचा, एनओ पाण्यात जवळपास विरघळत नाही, ऑक्सिडाइज केला की जमतं. याच घराण्यातलं इलेक्ट्रॉन बीमचं तंत्र पोलंडमधल्या श्चेचिनच्या पोमोझानी वीजकेंद्रात मोठ्या प्रमाणावर लावलं होतं, त्यात अमोनिया सोडून शेवटी अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट मिळायचं, जे खत म्हणून चालतं.

विजेचा हिशोब आधीच करा. समजा धुराच्या लिटरमागे ३० ज्यूल लागले, आणि इंजिन दर किलोवॉटला सेकंदाला साधारण एक लिटरहून थोडा जास्त धूर सोडतं, म्हणजे इंजिनच्या ताकदीतले तीन-चार टक्के इथेच गेले, अल्टरनेटर आणि पॉवर सप्लायचा लॉस वेगळा. माझ्या मते गाड्यांमध्ये हे मागे पडलं त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि डिस्चार्जचा आर्क (एकाच जागी पेटणारी गरम ठिणगी) होऊ देऊ नका, दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काचेचा अडथळा ठेवा. गरम आर्क हवेतूनच नवा एनओ तयार करतो, नॉर्वेत १९०३ मध्ये बर्कलंड आणि आयडे यांनी खतासाठी हेच तर केलं होतं. ओझोनही निघतो, त्यामुळे एक्झॉस्ट हूडशिवाय चालू करू नका.

प्रोजेक्टला मोजमाप असं ठेवा: नळीच्या आधी आणि नंतर एनओ, एनओटू वेगवेगळे, जमलं तर एनटूओही (नायट्रस ऑक्साइड), आणि नायट्रिक ॲसिड पाण्यात पकडून वेगळं तपासा, कारण ते नळीच्या भिंतीला चिकटतं आणि मीटरला वाटतं नॉक्स गायब झाला.