जुना पण महागडा फोनो प्रीॲम्प घ्यावा का?

फोनो प्रीॲम्प म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र. म्हणून आधी किमतीकडे नाही, तुमच्या कार्ट्रिजकडे (सुई धरणारा, सिग्नल तयार करणारा भाग) बघा. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाचं) असेल तर साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. ४० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) आणि ४७ किलोओहम लोड (प्रीॲम्पच्या इनपुटचा रोध) पुरतो. तसं असेल तर हा खर्च मी तरी करणार नाही, तेच पैसे चांगल्या कार्ट्रिजला घाला. कमी आउटपुटचं मूव्हिंग कॉइल (हलत्या तारेच्या गुंडाळीचं) कार्ट्रिज मात्र अर्धा मिलिव्होल्टही जेमतेम देतं. तिथे ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, आणि इतका गेन खरखर न वाढवता देणं हेच महागड्या यंत्राचं खरं काम.

विकणाऱ्याकडे जाऊन ऐकाच. सुई रेकॉर्डवर न ठेवता आवाज नेहमीच्या पातळीवर न्या. हलकी सळसळ चालेल. घूं किंवा तडतड नको. दोष एकाच बाजूला असेल तर इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर तो टर्नटेबलचा नाही. मग प्रीॲम्पच्या आउटपुट वायरी बदलून बघा. आता दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर गडबड प्रीॲम्पमध्येच.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, वयानुसार खराब होणारे भाग) बदलायचा खर्च धरूनच भाव करा. व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) असतील तर ते बदलायला मिळतात, त्यांची फार काळजी नको. वेगळा पॉवर सप्लाय हरवला असेल, तर मात्र सरळ नाही म्हणा. आणि हो, व्होल्टेज तपासा: ११५ व्होल्टवालं यंत्र २३० वर लावलं की खेळ खलास.